पद्मिनीचा पंप गळायला लागला तेव्हा

कोल्हापूर, रविवार रात्र

प्रिय भावा,

तू विचारलं होतंस, "पद्मिनी अजून आहे का, की विकलीस?" आहे. आपली जुनी प्रीमियर पद्मिनी कार आज दुपारीच ज्योतिबाच्या डोंगरावर जाऊन आली. उत्तराला महिना लागला, कारण त्या महिन्यात ती दारात बोनेट उघडं टाकून उभी होती आणि माझं दुसऱ्या कशात चित्तच नव्हतं.

दिवाळीनंतर एका सकाळी फरशीवर रुपयाएवढा हिरवट डाग दिसला. बोट लावून पाहिलं तर चिकट आणि गोडसर वासाचा, म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात मिसळतात ते. आधी वाटलं होस पाइपची क्लिप सैल असेल. क्लिपा आवळल्या, वरचा पाइप नवा घातला, तरी दुसऱ्या दिवशी डाग तिथेच. मग इंजिन कोरडं पुसलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं, गाडी चालू केली आणि बॅटरी घेऊन पंख्यामागे बघत बसलो. दहा मिनिटांनी वॉटर पंपाच्या, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, पोटाखाली एक थेंब जमला, फुगला आणि पडला. इंजिन बंद करून पंख्याचं पातं धरून वर-खाली हलवलं तर शाफ्ट हाताला स्पष्ट डुलत होता.

आता ऐक, माझ्या हातून काय होणार होतं. थेंब ज्या जागेतून येत होता तिथे एक बारीक भोक आहे. मला वाटलं कास्टिंगला, म्हणजे पंपाच्या ओतीव अंगाला, छिद्र पडलंय, एमसील भरून बंद करू. एमसील मळूनही झालं होतं. तेवढ्यात आठवलं, बाबा इंजिनाचं कुठलंही काम उद्यमनगरात विचारल्याशिवाय करत नसत. म्हणून तिथल्या वर्कशॉपच्या शेडवर गेलो. तिथले म्हातारे मिस्त्री, बाबांच्या वेळचे, चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "ते भोक बुजवू नकोस बाळ. ते पंप बनवणाऱ्यानंच ठेवलंय."

त्यांनी सांगितलं ते तुला नीट सांगतो, कारण मला ते फार मोलाचं वाटलं. शाफ्टच्या एका टोकाला पुली आणि पंखा, दुसऱ्या टोकाला पाणी ढकलणारा इंपेलर. मध्ये बेअरिंग. बेअरिंग आणि पाणी यांच्यामध्ये कार्बनचं सील, ते स्प्रिंगच्या जोरावर गुळगुळीत चकतीला घासत फिरतं. हे सील झिजलं की पाणी बेअरिंगकडे सरकतं. ते आत शिरून ग्रीस धुऊन टाकण्याआधी बाहेर पडावं म्हणून मध्ये ते भोक. म्हणजे तिथून येणारा थेंब हा सील गेल्याचा निरोप. मी भोक बुजवलं असतं तर पाणी सरळ बेअरिंगमध्ये गेलं असतं, आणि बेअरिंग रस्त्यात जाम झालं असतं तर बेल्ट तुटून किंवा पंखा रेडिएटरमध्ये घुसून काम कुठल्या कुठे गेलं असतं. या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. ते एकदा तापून वाकलं की खर्चाला अंत नाही.

काढायचं काम तसं सोपं. रेडिएटरचा खालचा कॉक उघडून पाणी काढलं, बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनमोचा बोल्ट ढिला करून बेल्ट उतरवला, मग पंखा, मग पुली. एका बोल्टानं मात्र दोन दिवस खाल्ले. आटे गंजून एकजीव झाले होते. मी जोर लावायला निघालो तर मिस्त्री म्हणाले, मुंडकं तुटलं तर ड्रिल मारत बसशील. रात्रभर रॉकेल सोडून ठेवलं. सकाळी डोक्यावर हलके ठोके दिले, मग पाव फेरा उलटा, पाव फेरा सुलटा, परत रॉकेल. दुसऱ्या संध्याकाळी तो कुरकुरला आणि सुटला. त्या आवाजानं मला इतका आनंद झाला की आईला हाक मारून दाखवला.

नवा पंपही आणला होता मी. गाडी १९७८ ची, म्हणजे सुटे भाग शोधण्यातच निम्मं आयुष्य. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाले होते तोवर भागांना गिऱ्हाईक होतं. आता मिळतं त्यात सगळा माल सारखा नसतो. हा नवा पंप मिस्त्रींनी हातात फिरवून पाहिला, इंपेलर आणि कास्टिंगमध्ये फट मोजायची पट्टी घातली आणि बाजूला ठेवला. फट जास्त होती. पंप फिरेल, पण घाटात पाणी नीट ढकलणार नाही. "तुझ्या बाबांचं कास्टिंग चांगलं आहे, तेच करू."

प्रेसवर शाफ्ट निघाला तेव्हा मी शेजारी उभा होतो. सीलच्या चकतीवर गोल चरे पडले होते, नख अडकेल एवढे. पाण्यातला गंज आणि क्षार तिथे वाळूसारखे घासत होते. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घालत आलो, त्याचा हा हिशेब. दुसरं कारण बेल्ट. मागे एका गॅरेजात डायनमो चार्ज करत नाही म्हणून तो तारेसारखा ताणला होता, त्याचा सगळा भार पंपाच्या बेअरिंगवर. मिस्त्रींनी चकती लेथवर साफ केली, नवं सील, नवं बेअरिंग, आणि इंपेलर दाबताना दर वेळी थांबून फट मोजली. पंप आणि इंजिन यांच्यामधलं कागदी पॅकिंग मला कापायला लावलं: कागद पंपाच्या तोंडावर धरून कडांवरून छोट्या हातोडीनं टकटक ठोकत जायचं, आकार आपोआप कापला जातो. माझं पहिलं फाटलं, दुसरं बसलं.

बसवताना बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळले. बेल्ट अंगठ्यानं दाबला तर साधारण एक सेंटिमीटर खाली जावा, इतकाच ताण. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रेडिएटरचं टोपण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट मोकळी करणारी झडप) उघडून पातळी एकदम खाली गेली, तेव्हा परत भरलं. आतली हवा निघाल्याशिवाय टोपण लावायचं नाही.

तुला आठवतं, आपण गणपतीपुळ्याला निघालो होतो आणि आंबा घाटात गाडी उकळली? तू टोपणावर हात ठेवला होतास आणि बाबांनी तो झटक्यात मागे ओढला होता. टोपणानं दाब धरलेला असतो म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, आणि टोपण उघडलं की सगळं एकदम वाफ होऊन अंगावर येतं, हे त्यांनी आपल्याला दगडावर बसवून समजावलं. तासभर थांबलो होतो. मग झऱ्याचं पाणी, तेही इंजिन चालू ठेवून, हळूहळू धार धरून. परवा टोपण लावताना माझा हात आपोआप फडक्याकडे गेला. बाबा गेले त्याला आता सहा वर्षं होतील.

आज डोंगर चढताना दुसरा गिअर, पूर्ण चढ, तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. परत आल्यावर खाली कोरडा कागद ठेवलाय. आत्ता हे लिहिता लिहिता दोनदा उठून बघून आलो, कोरडा आहे.

एप्रिलमध्ये तू येणार आहेस ना? आंबा घाटातून जाऊ. टूल बॉक्समध्ये जादा बेल्ट आणि पाच लिटरचा कॅन ठेवतो. वहिनींना आणि पोरांना घेऊनच ये, मागची सीट अजून तशीच ऐसपैस आहे.

तुझाच,
दोस्त