वाचनालयात गप्पांना जागा हवी

‘वाचनालयांत आता येतो कोण?’ हा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. ओस कपाटांचे चित्र खरे आहे, पण अपुरे. आमच्या वाचनालयात दर दुसऱ्या शनिवारी दहा-बारा जण एकाच पुस्तकावर बोलायला जमतात. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, रिक्षाचालक आहे, बारावीची मुलगीही आहे. पुस्तक न वाचता आलेल्यालाही कोणी हटकत नाही. चहा मात्र त्याने सांगायचा! डॉ. कलाम यांच्या जयंतीला, 15 ऑक्टोबरला, 2015 पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. ग्रंथप्रदर्शन भरते, छायाचित्रे निघतात, दुसऱ्या दिवशी पुस्तके पुन्हा कुलपात. त्याऐवजी त्या दिवशी प्रत्येक वाचनालयाने अशा गटाच्या पहिल्या बैठकीची तारीख फळ्यावर लिहावी.

– एक वाचक, सातारा