निघाला एकदाचा ब्रेकचा ड्रम! मनापासून आभार

रविवारी सकाळी गाडीच्या मागच्या चाकांच्या ब्रेकचे लायनर (ब्रेक दाबल्यावर घासणारे पट्टे) बदलायला घेतले, वाटलं दोन तासात उरकेल. चाक निघालं पण ड्रम, म्हणजे लायनरवरचं लोखंडी गोल झाकण, जागचा हलेना, चिपळूणचा पावसाळा खाऊन गंजलेला, हबला (चाक बसतं त्या मधल्या भागाला) पार चिकटून बसलेला. हँडब्रेक सोडला, गंजाचा स्प्रे मारला, मित्र हातोडीने चहूबाजूंनी ठोकतोय मी ओढतोय, दुपारचे २ वाजले तरी तेच, खरं सांगतो रडायला आलं होतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका खाली आले, ड्रमवरची आटे असलेली दोन भोकं बोट लावून दाखवली, म्हणाले यात ८ एमएमचे बोल्ट घाल आणि एकदा हा एकदा तो असं थोडं थोडं आवळत जा, बोल्ट मागे हबला रेटतील आणि ड्रम बाहेर सरकेल. जेवणावरून उठून, बंद दुकान उघडून बोल्ट देणारे हार्डवेअरवाले दादा, तुमचे उपकार कसे फेडू! पाचव्या-सहाव्या फेरीला कट्ट आवाज झाला आणि ड्रम हातात, आत नुसता लाल चुरा.

काका, खूप खूप आभार. आणि मित्रा, सुट्टीचा अख्खा दिवस तू माझ्यासोबत जमिनीवर बसून काढलास रे, एकदाही कंटाळलो म्हणाला नाहीस. हँडब्रेक आता चौथ्या क्लिकला घट्ट धरतोय.