गाळखत उचलण्याआधी

सोलापूर
१४ मे

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

शहरातल्या सांडपाणी केंद्राचा वाळलेला गाळ नुसत्या ट्रॉलीच्या भाड्यात मिळतोय, तो डाळिंबाला घालू का, असं तू फोनवर विचारलंस. मी लिहून कळवतो म्हणालो, कारण यात हो किंवा नाही म्हणून सुटण्यासारखं काही नाही. आज रविवार आहे, बाहेर ऊन मी म्हणतंय, तेव्हा निवांत लिहायला बसलो.

शेणखत किती महागलंय ते मला माहीत आहे. तुझ्या मुरमाड रानाला सेंद्रिय कर्ब हवाय, हेही खरं. गाळात नत्र असतं, स्फुरद असतं, कर्ब तर भरपूर असतो. आपल्या आजोबांच्या काळात सोनखत वापरलं जायचंच. त्यामुळे शहराचा मैला म्हणून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. पण सोनखताच्या काळात मैल्यात प्लास्टिक नव्हतं. आता आहे, आणि माझी सगळी काळजी त्याचीच आहे.

गाळात ते येतं कुठून, ते आधी सांगतो. आपण घरी साडी, ट्रॅकपँट, पॉलिस्टरचा शर्ट धुतो तेव्हा त्यातून डोळ्यांना न दिसणारे धागे सुटतात आणि गटारात जातात. सोलापुरी चादर आणि टॉवेल मूळचे सुती. त्यांचा धागा जमिनीत कुजून जातो, पॉलिस्टरचा कुजत नाही. रस्त्यावर झिजणाऱ्या टायरचा चुरा पहिल्या पावसात वाहून येतो. पिशव्या, पाकिटं, रंगाचे पापुद्रे येतात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. २००४ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या रिचर्ड थॉम्प्सन यांनी समुद्राच्या वाळूत हे कण दाखवून दिले आणि तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. सांडपाणी केंद्र नीट चालत असेल तर पाण्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त कण अडतात. ही चांगली बातमी आहे, पण अडलेले कण नाहीसे होत नाहीत, ते खाली गाळात बसतात. म्हणजे केंद्र जितकं चांगलं चालेल तितकं पाणी स्वच्छ होतं आणि गाळात प्लास्टिक जास्त साठतं.

आता धातूंचं. नवं कोरं पॉलिथिन धातूला फारसं धरत नाही. त्याची साखळी निव्वळ कार्बन आणि हायड्रोजनची, तिच्यावर ना धन ना ऋण भार, आणि पाण्याशीही तिचं जमत नाही. आपल्याकडच्या उन्हात मात्र ते बदलतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि उन्हातले अतिनील किरण त्या साखळ्या तोडतात. तुटलेल्या टोकांना हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि कार्बोनिल, हायड्रॉक्सिल, कार्बोक्सिल असे गट तयार होतात. पृष्ठभागाला भेगा पडतात, म्हणजे चिकटायला जागा वाढते. पाण्यात गेल्यावर कार्बोक्सिल गट आपला हायड्रोजन सोडतो आणि तिथे ऋण भार येतो. शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त हे पाण्यात बहुतांशी धनभारित असतात, ते तिथे जाऊन बसतात.

हे मी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना करून दाखवलं, तेही तुझ्याच रानातल्या मालावर. तुझ्या बांधावरून मल्चिंग पेपरचे, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या प्लास्टिकच्या आच्छादनाचे, जुने तुकडे आणले होते, आठवतंय ना? नव्या रोलच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो फुगीर राहतो, पसरत नाही. जुन्या तुकड्यावर तोच थेंब पसरून बसतो. मुलं त्या थेंबाकडे बघतच राहिली. पाणी त्याला आपलं मानायला लागलं की पाण्यातला धातूही जवळ येतो. मग दोन्ही तुकडे मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, पातळ द्रावणात ठेवले. जुन्याने तांबं स्पष्टपणे जास्त ओढलं.

त्याहून महत्त्वाचं पुढे. रानातून आणलेले तुकडे साध्या पाण्याने धुऊन घेतले आणि थेट सौम्य आम्लात ठेवले. त्या आम्लात तांबं उतरलं. मुलांनी विचारलं, सर, हे कुठून आलं? मी म्हटलं, डाळिंबाच्या तेल्या रोगावर बोर्डो मिश्रण मारतात ना, त्यातलं. तुकड्यांना चिकटलेली माती पूर्ण निघाली नव्हती, त्यामुळे ते सगळं तांबं प्लास्टिकनेच धरलं होतं असं मी म्हणत नाही. पण वर्षानुवर्षे मोरचूद-चुन्याचे फवारे आणि खाली उन्हात तडकलेला मल्चिंग पेपर, हे दोन्ही एकाच बागेत आहेत हे तू लक्षात घे. गाळ आणायच्या आधीच तुझ्या रानात हा व्यवहार सुरू झालेला आहे.

पाण्यात आणि गाळात याच्या पुढचंही काही घडतं. कणावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो आणि तो थर स्वतःच धातूला धरून ठेवतो. लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडचं पातळ लेपण बसतं, तेही धातूला धरतं. २०१२ साली प्लिमथच्याच मंडळींनी किनाऱ्यावर पडलेल्या प्लास्टिकच्या गोळ्या आणि नव्या गोळ्या शेजारी ठेवून तपासल्या, तेव्हा जुन्या गोळ्यांनी जास्त धातू धरल्याचं दिसलं. सांडपाणी केंद्राच्या टाक्यांमध्ये हा जिवाणूंचा थर चढायला सगळंच अनुकूल असतं, दाट जिवाणू आणि सेंद्रिय चिकट द्रव्य. मग गाळ सुकवतात, काही ठिकाणी चुना मिसळतात. चुना आणि ढवळणं यांनी कण आणखी बारीक होतात. गाळ वाळवायच्या उघड्या वाफ्यांवर पुन्हा आपलं सोलापूरचं ऊन असतंच.

काही प्लास्टिक तर धातू पोटात घेऊनच जन्माला येतं. पॉलिस्टर बनवताना अँटिमनी उत्प्रेरक म्हणून वापरतात, टायरमध्ये जस्ताचं ऑक्साइड असतं, जुन्या पीव्हीसीत शिसं असायचं आणि काही पिवळ्या-तांबड्या रंगांत शिसं किंवा कॅडमियम.

क्रोमियमचं तेवढं वेगळं आहे. त्याचं सहा संयुजेचं रूप पाण्यात ऋणभारित क्रोमेट म्हणून असतं, त्यामुळे ऋणभारित जुन्या प्लास्टिकशी ते इतर धातूंसारखं वागत नाही, आम्लधर्मी पाण्यात जास्त चिकटतं.

आता माझं मत सांगतो, आणि त्यात तुला घाबरवायचं नाही. प्रयोगशाळेत धातूची द्रावणं नदीच्या पाण्यापेक्षा कितीतरी तीव्र घेतात, म्हणून तिथले आकडे जसेच्या तसे शेतात लावू नयेत. गाळातल्या एकूण धातूंपैकी प्लास्टिकला चिकटलेला वाटा लहानच असतो. बाकीचा सेंद्रिय पदार्थांत आणि सल्फाइडमध्ये अडकलेला असतो. आपल्या जमिनी चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या आसपास, आणि अशा जमिनीत शिसं, कॅडमियम सहसा जागचं हलत नाही. काळ्या चिकणमातीत तर त्याला धरून ठेवायला प्लास्टिकपेक्षा कितीतरी मोठी यंत्रणा आहे. तुझं रान मुरमाड आहे, चिकणमाती कमी, म्हणून तुझ्या बाबतीत मी जरा जास्त जपून बोलतोय.

मग एवढं का लिहितोय? कारण गाळातला सेंद्रिय पदार्थ काही वर्षांत कुजून जातो. सल्फाइड हवा लागली की बदलतं. त्यांनी धरलेले धातू मोकळे होतात. त्याच काळात प्लास्टिकचे कण मात्र झिजत, तडकत, आणखी बारीक आणि आणखी पकडीचे होत जातात. खतातलं बाकी सगळं वर्षागणिक संपत जातं, हे एकच जुनं होईल तसं समर्थ होतं. आणि ते एका जागी राहत नाही. पहिल्या वळवाच्या पाण्याबरोबर हलके कण ओघळीत, तिथून नाल्यात, नाल्यातून सीनेत जातात, आणि सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. भीमा उजनीपर्यंत येते तेव्हाच तिच्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मिसळलेलं असतं. उजनीचं पाणी आम्ही सोलापूरकर पितो. खालच्या गावांना आपण त्यात भर घालून द्यावी असं मला वाटत नाही.

वाटेत हे कण गांडूळ खातं, मासा खातो. नुसत्या पाण्यापेक्षा पचनरसांत धातू लवकर सुटतो. आतड्यातला साबणासारखं काम करणारा रस आणि जठरातला कमी सामू, दोन्ही त्याला सोडवतात. चिकटलेला धातू कायमचा बांधला गेला असं समजू नकोस.

याच कारणासाठी तुझ्या ठिबकबद्दल एक सांगतो. ड्रिपर चोंदले की तू लॅटरलमधून, म्हणजे ठिबकच्या नळ्यांतून, आम्ल सोडतोस, आपल्याकडच्या जड पाण्यात ते करावंच लागतं. पण ते आम्ल ड्रिपरखाली अगदी मुळांपाशी उतरतं, आणि तिथेच मल्चिंगचे तुकडे आणि गाळाचे कण असतात. चुनखडी ते लवकर शमवते, तरी त्या थोड्या वेळात चिकटलेलं तांबं-जस्त सुटायला तेवढं पुरतं. म्हणून आम्ल दिल्यावर शेवटची बुचं काढ आणि ते पाणी बागेबाहेर चरात जाऊ दे. हे तू गाळ घेतलास नाही घेतलास तरी कर.

गाळ घ्यायचा असेल तर दलालाच्या तोंडी शब्दावर घेऊ नकोस. चाचणीचा कागद माग. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी धातूंच्या मर्यादा दिलेल्या आहेत: किलोला कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, तांबं ३००, जस्त १०००, आर्सेनिक १०, पारा ०.१५. कागदावर हे आकडे नसतील तर ट्रॉली उलटी पाठव. तांब्याचा रकाना विशेष बघ, कारण बोर्डोमुळे तुझ्या जमिनीत तांब्याची भर आधीच पडतेय. त्याच आदेशात कंपोस्टचा ९० टक्के भाग ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवा अशी अट आहे, पण चाळणीतून उतरलेल्यात प्लास्टिक किती, याचा रकाना नाही. म्हणजे नियमात बसणारा गाळसुद्धा सूक्ष्म प्लास्टिक घेऊन येऊ शकतो. नियम करणाऱ्यांनी हे लवकर बघायला हवं असं मला मनापासून वाटतं. तोपर्यंत ते आपणच बघायचं.

डाळिंबाला सरसकट गाळ घालण्याच्या बाजूने मी नाही. कागद चांगला निघाला तर बांधावरच्या सागाला, शेवग्याच्या खड्ड्यांना घाल, तेही एकदाच, दरवर्षी नाही. भाजीपाल्याच्या वाफ्यात अजिबात नको. ओढ्याकडच्या उताराला टाकायचाच नाही. बागेसाठी मी म्हणेन की ताग पेर, फुलोऱ्याला आला की गाड, पाचट मिळेल तेवढं आण. आप्पा तेच करायचे आणि त्यांची बाग आपण दोघांनी पाहिली आहे.

मल्चिंग पेपरचं मात्र आत्ताच मनावर घे. २५ मायक्रॉनचा पेपर तीन-चार महिन्यांच्या भाजीपाल्यासाठी असतो. तो डाळिंबाखाली दोन-तीन उन्हाळे ठेवला की हातात येईपर्यंत भुगा होतो, आणि भुगा झाल्यावर कुणालाच वेचता येत नाही. अखंड आहे तोवर गुंडाळून काढ. बागेला जाड पेपर घे, नाहीतर सरळ पाचटाचं आच्छादन कर. काढलेला पेपर बांधावर जाळू नकोस. आमच्या कॉलेजच्या ओळखीतला भंगारवाला मोहोळला येतो, तो गोळा करून नेतो, मी त्याला सांगून ठेवतो.

केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तुझ्या गावापासून फार लांब नाही. मातीतलं तांबं, बोर्डोचं प्रमाण, आम्ल देण्याची पद्धत, हे सगळं त्यांना विचार. मी रसायनशास्त्राचा माणूस, झाडाचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि ट्रॉली घेण्याआधी मला नमुना पाठव. ढिगाच्या वरून एक ओंजळ नको. पाच-सहा ठिकाणी आतपर्यंत खणून थोडं थोडं घे, पत्र्यावर एकत्र कर, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दे, उरलेलं पुन्हा तसंच कर. शेवटी अर्धा किलो राहील ते काचेच्या बरणीत भर. प्लास्टिकच्या पिशवीत भरशील तर पिशवीचेच कण मोजत बसू. बरणीवर तारीख आणि ढीग कुठला ते लिही. बागेतल्या ड्रिपरखालची मातीही वेगळ्या बरणीत दे. गुरुवारी मोहोळहून येणाऱ्या एसटीने पाठवलीस तर मी स्टँडवर येऊन घेईन. प्लास्टिक वेगळं काढायला मिठाच्या दाट पाण्यात माती ढवळून ठेवावी लागते, हलके कण वर येतात ते गाळून घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. मुलं हे उत्साहाने करतील. धातूंचं मोजमाप यंत्र मोकळं मिळेल तसं होईल, थोडे दिवस लागतील. तोवर दलालाला थांबायला सांग.

आप्पांना माझा नमस्कार सांग. वहिनींना म्हणावं, शेंगाची चटणी संपली.

तुझा,
सुधीर