निर्माल्याच्या टेबलावरच्या सार्जंटला

चि. सार्जंट हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्कृष्ट कॅडेट म्हणून तुझा गौरव झाला. कारण म्हणून लिहिलंय, 'नेतृत्व आणि समाजसेवा'. हे दोन्ही शब्द एनसीसीच्या 'ए' सर्टिफिकेटच्या अभ्यासक्रमातच आहेत, म्हणजे कुणालाही लावता येतात. गणेशविसर्जनात मुठेच्या घाटावर तू नेमकं काय केलंस ते त्यातून कळत नाही. ते नीट लिहावं आणि जाहीर आभार मानावेत, म्हणून हे पत्र.

निर्माल्याचं टेबल आधी हौदाच्या पलीकडे असायचं. मूर्ती सोडून माणूस वळला की त्याला ते दिसायचं, पण तोवर हातातली पिशवी पाण्यात गेलेली असायची. दीड दिवसाच्या विसर्जनाला तू हे तासभर नुसतं उभं राहून पाहिलंस आणि टेबल आरतीचा चौथरा आणि हौद यांच्या मधे आणायला लावलंस. आरती झाली की टेबल, मग हौद. वाटच तशी झाल्यावर कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

"प्लास्टिकची पिशवी टाकू नका" ही पाटीही तू काढलीस. त्याऐवजी कॅडेट म्हणायचे, "काका, पिशवी रिकामी करून देतो." मनाई ऐकून वाद घालणारा माणूस हे ऐकून पिशवी पुढे करतो. क्रेट तीनच: एकात फुलं, पानं, दूर्वा, दुसऱ्यात नारळ, फळं, सुपारी, प्रसाद, तिसऱ्यात दोरे, जरी, थर्माकोल, उदबत्तीचे पुडे. प्रसाद वेगळा, कारण खताच्या ढिगात मोदक गेला की उंदीर आलेच.

हाराची गोष्ट आम्ही दरवर्षी नव्या लोकांना सांगून थकतो. हार मधेच कापला की दोऱ्याचे दहा तुकडे होतात, ते फुलांत लपतात आणि श्रेडरच्या, म्हणजे निर्माल्य बारीक करणाऱ्या यंत्राच्या, दांड्याला गुंडाळून मशीन बंद पाडतात. तू कॅडेटना दाखवलंस ते असं: गाठीजवळ एकच काप, एका हातानं दोऱ्याचं टोक धरायचं, दुसऱ्या हाताची दोन बोटं दोऱ्यावरून खाली ओढत न्यायची. झेंडू सरसर उतरतो आणि दोरा अख्खा हातात राहतो. निशिगंधाला जरा हळू. दूर्वांच्या जुडीला आणि केवड्याला टाचणी असू शकते, म्हणून ती आधी चाचपायची.

मूर्ती शाडूची की पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिस), हा प्रश्न सगळ्यात अवघड. पुष्कळदा घरच्यांनाच माहीत नसतं आणि बघण्यासाठी गणपती उलटा करणं कुणालाच रुचत नाही. करूही नये. तू काय केलंस, तर दोघांना मूर्ती पाटावरून वीतभर उचलायला सांगितलं आणि स्वतः टॉर्च घेऊन खाली वाकलीस. आतून पोकळ, पांढरं आणि काथ्या दिसला तर पीओपी. राखाडी माती दिसली, बिनरंगी जागेवर पाण्याचा थेंब टाकताच जिरला आणि बोटाला चिखल लागला तर शाडू. दहा सेकंदांचं काम, आणि देवाचा मानही राहिला.

पीओपीच्या मूर्ती विरघळवायच्या पिंपांपासून मात्र तू सगळ्या कॅडेटना लांब ठेवलंस. एनसीएलने, म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, पुणे महापालिकेबरोबर रुजवलेली ती अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत: मूर्तीच्या वजनाइतकी पावडर, मूर्ती पूर्ण बुडेल इतकं पाणी, दर दोन-तीन तासांनी ढवळणं. लहान मूर्ती साधारण दोन दिवसांत विरघळते. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट राहतं आणि ते पातळ करून झाडांना चालतं. पण पावडरीला अमोनियाचा वास, डोळे चुरचुरतात. तुझ्या पलटणीतली पोरं फेस बघायला उतावीळ झाली होती. तू चुन्याची रेघ मारलीस आणि "वर्दीवाला कुणी रेघेपलीकडे नाही" म्हणालीस. नववीतल्या मुलीने स्वतःच्या मित्रांना नाही म्हणणं सोपं नसतं.

चूक पाचव्या दिवशी झाली. संध्याकाळी पाऊस आला, भरलेल्या क्रेटवर ताडपत्री टाकली गेली आणि सकाळपर्यंत ढिगाला सडका वास. ओलं निर्माल्य हवा न मिळता दाबलं गेलं की असंच कुजतं. तू दोष कुणाचा हे न विचारता कारण विचारलंस. सातव्या दिवसापासून तुझ्या दोन जोड्यांचं काम ठरलं: क्रेट अर्धाच भरायचा आणि तळाशी सुका पाला. पुढे खड्ड्यातही तेच, चार-पाच इंच निर्माल्य, त्यावर दोन इंच पाला. मूठभर घेऊन दाबलं की थेंब-दोन थेंब निघावेत. धार लागली तर पाला कमी पडलाय.

पाळी वीस मिनिटांची, जोडी-जोडीनं, आणि प्रत्येक बदलाला तुझी "गिनती कर". घाटावर सगळा कारभार मराठीत आणि तुमचे हुकूम तेवढे हिंदीत, याची गंमत वाटायची. पण अनंत चतुर्दशीच्या गर्दीत एक आकडा चुकला तेव्हा दोन मिनिटांत कळलं की एक कॅडेट पाणी प्यायला गेलाय. नदीकाठी ती दोन मिनिटं फार मोलाची.

आणि मातीचं घमेलं. हे आम्हाला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. हौदात विसर्जन झालं तरी पाटावर चिमूटभर माती घरी न्यायची रीत असते, आणि तेवढ्यासाठी लोक निसरड्या पायऱ्या उतरून नदीपर्यंत जायचे. जीवरक्षक ओरडून ओरडून थकायचे. तू हौदाच्या बाहेर पडायच्या वाटेवर काठावरच्या मातीचं घमेलं ठेवलंस, बस्स. पायऱ्यांवरची वर्दळ जवळजवळ थांबली.

खत आता काळं, भुसभुशीत झालंय. वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा. चाळताना दोऱ्याचे तुकडे अगदी थोडे निघाले. शाळेच्या बागेसाठी दोन पोती बाजूला काढून ठेवली आहेत, रविवारी सकाळी घेऊन जा. कुंडीला एक भाग खत, तीन भाग माती, त्याहून जास्त नको. येताना हार कापायची राहिलेली कात्री आण. चौदा दिल्या होत्या, तेरा परत आल्यात.

तुझे,
घाटावरचे निर्माल्य कार्यकर्ते