बाबा, मशीन घरातही लावा

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "हे हल्ली सारखे अंगावर ओरडतात." ते चिडत नाहीत गं. लक्ष्मी रोडवर ढोल-ताशा वाजत असताना आपण शेजारच्याशीही ओरडूनच बोलतो, कारण स्वतःचा आवाज आपल्याच कानावर पडत नाही. बाबांच्या बाबतीत तसं घरातल्या शांततेतही होतं.

आणि बाबा, त्याचं कारण तो ड्राय बॉक्स, मशीन कोरडं ठेवायची ती डबी. बाहेर जाताना तुम्ही कॉक्लिअर इम्प्लांटचं (ऑपरेशनने आतल्या कानात बसवलेल्या यंत्राचं) मशीन, म्हणजे बाहेरून लावायचा प्रोसेसर, लावता आणि घरात शिरलात की काढून ठेवता. "घरात काय ऐकायचंय?" म्हणता. स्वतःचा आवाज ऐकायचाय, बाबा!

मोठेपणी ऐकू येईनासं झालं तरी बोलणं जात नाही, तोंडाची सवय टिकते. पण आवाजावरचा ताबा सुटत जातो. आधी जोर आणि पट्टी वर चढते, मग जवळजवळचे उच्चार एकमेकांत मिसळतात. तुमचं 'सदाशिव पेठ' रिक्षावाल्याला 'सदासिव' ऐकू जायचं आणि मला फार वाईट वाटायचं. गेल्या महिन्यात फोनवर तुमचा 'श' स्वच्छ ऐकला, तेव्हा मला रडू आलं.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांचं १९९२ सालचं काम वाचलं. तुमच्यासारखं इम्प्लांट असलेल्या माणसांचे प्रोसेसर त्यांनी २४ तास बंद ठेवले आणि मग चालू-बंद करून पाहिले. तेवढ्या थोड्या वेळातही बोलण्यातला जोर आणि पट्टी बदलत होती. जोर असा लगेच हलतो, उच्चार बसायला मात्र महिने जातात. म्हणून दिवसभर मशीन हवंच.

भजनात सूर लागत नाही म्हणून खट्टू होऊ नका. चांगल्या कानात ऐकण्याच्या सुमारे ३,५०० पेशी असतात आणि त्यांचं काम इम्प्लांटमध्ये जेमतेम १२ ते २२ इलेक्ट्रोड, म्हणजे कानाच्या नसेला विजेचे संकेत देणारे बिंदू, करतात. बोलणं त्यात बरंचसं मावतं, सुरांचे बारकावे नाही मावत.

रोज चहानंतर अग्रलेख आईला मोठ्याने वाचून दाखवा, अर्थात मशीन लावून. आई, आवाज चढला की नुसता हात खाली कर, मध्येच टोकू नकोस. स्वतःचा आवाज पत्र्यासारखा वाटतो म्हणालात ना, ते पुढच्या मॅपिंगला, म्हणजे मशीन तुमच्या कानाला जुळवतात तेव्हा, ऑडिओलॉजिस्टना (श्रवणतज्ज्ञांना) नक्की सांगा, ते सेटिंग बदलून बघतील. बॅटरी वाचवत बसू नका. जास्तीच्या कुरियरने पाठवल्या आहेत.

तुमची,
मनू