आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : आमच्या सेवेत खंड पाडतं कोण?

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी स्टाफ नर्स. एका सरकारी रुग्णालयात लेबर रूमला ड्युटी करते. गेल्या आठवड्यात मला तोंडी सांगण्यात आलं, की प्रसूती रजेचा उरलेला पगार मिळणार नाही. कारण रजेवर असताना माझी नेमणुकीची ऑर्डर संपली, नवी ऑर्डर मी हजर झाल्यावर निघाली आणि मधल्या दिवसांत मी 'सेवेतच नव्हते'. लेखी द्या म्हटलं, तर उत्तर आलं, "वरून तसंच आहे." वरून म्हणजे तुमच्याकडून का, तेवढं सांगा.

आमची ऑर्डर अकरा महिन्यांची. मग सेवेत काही दिवसांचा खंड, मग पुन्हा ऑर्डर. साहेब, खंडाच्या दिवशी बाळंतिणी यायच्या थांबत नाहीत. त्या दिवशीही मी नाइट केली आहे, कळा मोजल्या आहेत, बाळ हातात घेतलं आहे. कागदावर मात्र मी तिथे नव्हतेच. हा खंड आमच्या कामात कधी पडला नाही. तो फक्त आमच्या हक्कांत पाडला जातो.

कायदा काय सांगतो ते तुमच्या खात्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेली स्त्री प्रसूती लाभाला पात्र ठरते. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदारी बायकांना हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिला. आणि २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं, की कराराची मुदत संपली म्हणून प्रसूती लाभ थांबवता येत नाही. त्याही सरकारी रुग्णालयातल्या कंत्राटी डॉक्टरच होत्या. माझी आणि त्यांची गोष्ट तंतोतंत एक आहे. मग प्रत्येक नर्सने बाळ कडेवर घेऊन दिल्ली गाठायची का?

मी रोज बाळंतिणींना सांगते, पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध द्या. माझं स्वतःचं बाळ तीन महिन्यांचंही नव्हतं तेव्हा मी कामावर परतले, कारण हजर झाल्याशिवाय ऑर्डर निघणार नाही असा निरोप आला होता. टाके ओढत होते. ड्युटीवर पान्हा फुटायचा, युनिफॉर्म भिजायचा, आणि मी बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून टाकायचे. घरी बाळ वाटीचमच्यावर. हे लिहितानाही हात थरथरतो. तुमच्या खात्याची स्तनपानाची पोस्टरं त्याच बाथरूमच्या बाहेर लावलेली आहेत.

शेजारच्या टेबलावर कायम नर्स असते. तोच पार्टोग्राफ (कळांची आणि प्रसूतीच्या प्रगतीची नोंद), तेच रजिस्टर, चुकलं तर तीच नोटीस. तिला वेतन, मला मानधन. तिच्यावर माझा राग नाही. तिला मिळतं ते योग्यच आहे. पण समान कामाला समान वेतन हे तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाचं जगजित सिंग खटल्यात २०१६ मध्ये सांगून झालं. ते कोणत्या फायलीत अडकलं?

कायम करा म्हटलं की नियमित भरतीशिवाय आलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा उमादेवी निकाल पुढे करतात. आम्ही मागच्या दाराने आलो नाही. जाहिरात निघाली, गुणवत्ता यादी लागली, आरक्षण पाळलं गेलं. आणि सरळसेवेची जाहिरात निघेपर्यंत आमच्यातल्या कितीतरी जणींनी वयाची मर्यादा ओलांडलेली असते. समान संधी म्हणतात ती हीच का? दहा वर्षं सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा, म्हणजे कायम सेवेत सामावून घेण्याचा, शासन निर्णय १४ मार्च २०२४ चा आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभरातल्या लोकांना संपावर जावं लागलं. स्वतःच काढलेला निर्णय पाळा, एवढंच सांगायला संप!

अभियान २००५ साली सुरू झालं. वीस वर्षं उलटली तरी माणसं तात्पुरतीच. पगार रखडला की राज्य म्हणतं केंद्राचा ६० टक्के वाटा आला नाही, केंद्राकडे पाहावं तर बोट राज्याच्या ४० टक्क्यांकडे. आमच्या रुग्णालयात निम्म्याहून जास्त माणसं कंत्राटी असतील. सफाईवाले, वॉर्डबॉय, सुरक्षारक्षक तर थेट ठेकेदाराचे. त्यांची बाजारातल्या मालासारखी निविदा निघते. इमारतींची उद्घाटनं होतात, नव्या मशीनसोबत फोटो निघतात, आणि ते मशीन चालवणारा अकरा महिन्यांचा. सरकारच जर कायदा चुकवायच्या वाटा शोधत असेल, तर खासगी मालकाला कोणत्या तोंडाने जाब विचारणार?

माझी मागणी मोठी नाही. रजेवर असलेल्या बाईची ऑर्डर रजेतच, खंड न पाडता निघावी, असं परिपत्रक काढा. ज्यांचे रजेचे पैसे असे बुडाले, त्यांना ते द्या. १४ मार्चच्या निर्णयाप्रमाणे किती जणांचं समायोजन झालं, त्याची संवर्गनिहाय यादी जाहीर करा. आणि नाही म्हणायचं असेल तर तेही लेखी, सहीनिशी कळवा. तो कागद घेऊन पुढे कुठे जायचं ते आम्ही ठरवू.

आपली,
एक कंत्राटी स्टाफ नर्स
(ऑर्डर संपायला दोन महिने उरले आहेत, म्हणून नाव लिहीत नाही.)