मठ विकले जातील, वह्यांचं काय? : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, पुराभिलेखांचं खातं आपल्या अखत्यारीत येतं आणि मला ज्या दप्तराची काळजी लागली आहे ते कुठल्याच सरकारी कपाटात नाही. ते कॉन्व्हेंटांच्या, म्हणजे ननच्या मठांच्या, माळ्यांवर आहे. शाळांची जनरल रजिस्टरं, अनाथालयात आणून सोडलेल्या मुलांच्या नोंदी, दवाखान्याच्या वह्या, मठाची रोजनिशी. हे सारं ज्या कॅथलिक धर्मभगिनींनी लिहिलं, त्यांची संख्या जगात अनेक ठिकाणी झपाट्याने घटते आहे. एकट्या अमेरिकेत १९६५ साली सुमारे १,८०,००० नन होत्या, आज ४०,०००सुद्धा नाहीत. मठ विकला जातो, म्हाताऱ्या सिस्टर दुसरीकडे हलतात, आणि वह्यांचा निकाल सामान बांधण्याच्या घाईत लागतो.

संस्थेचं खासगी दप्तर, त्यात सरकारने का पडावं, असं आपले सचिव विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण हा इतिहास खासगी राहिलेलाच नाही.

मेरी वॉर्डचं उदाहरण घ्या. या इंग्रज बाईंनी १६०९च्या सुमारास सेंट ओमेर इथे (हे गाव आज फ्रान्समध्ये आहे) सोबतिणी जमवून मुलींसाठी शाळा काढली. त्या काळी ननने मठाच्या भिंतीआड राहायचं, हा चर्चचा दंडक होता. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने तो १५६३ साली नव्याने आवळला होता. मेरी वॉर्ड म्हणाल्या, शिकवायचं तर बाहेर पडावं लागेल. १६३१ साली पोप आठवे अर्बन यांनी त्यांची संस्थाच मोडीत काढली आणि पाखंडी ठरवून त्यांना म्युनिकच्या एका मठात कोंडलं. तिथून त्या सोबतिणींना लिंबाच्या रसाने पत्रं लिहीत. कागद शेकला की अक्षरं उमटायची. सोबतिणींनी ती जपली म्हणून आज वाचता येतात. (सरकारी अभिलेखपालाने हेवा करावा अशी जपणूक!) संस्थापक म्हणून त्यांचं नाव रोमने मान्य केलं ते १९०९ साली. मधली पावणेतीनशे वर्षं हे नाव जिवंत राहिलं ते बायकांनी लपवून ठेवलेल्या कागदांवर.

त्याच परंपरेची आयर्लंडमधली शाखा म्हणजे लोरेटो. तिच्या सिस्टर १८४१च्या अखेरीस कोलकात्यात उतरल्या आणि १८४२मध्ये त्यांनी शाळा सुरू केली. पुढे याच संघातून मदर तेरेसा बाहेर पडल्या आणि १९५०मध्ये त्यांचा स्वतंत्र संघ उभा राहिला. मदर तेरेसा सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या आधी शंभर वर्षं तिथे वर्ग घेणाऱ्यांची नावं शोधायची तर मठाच्या वहीशिवाय दुसरी जागा फारशी नाही.

भिंतीतून वाट काढण्याच्या तऱ्हा प्रत्येकीच्या वेगळ्या. इटलीतल्या ब्रेशियात अँजेला मेरिची यांनी १५३५ साली जमवलेल्या मुली आपापल्या घरीच राहत. पॅरिसमध्ये १६३३ साली लुईझ द मारियाक आणि व्हिन्सेंट द पॉल यांनी ज्या भगिनींना रुग्णांच्या दारी पाठवलं, त्यांनी वर्षावर्षाचीच व्रतं घेतली. नन म्हटलं की कोंडणं आलंच, म्हणून चर्चच्या कायद्याने त्या नन नव्हत्याच. मला ही पळवाट फार आवडते. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टरला १८८३ साली वादळाने गाव उद्ध्वस्त केलं, तेव्हा मदर अल्फ्रेड मोस यांनी डॉ. मेयो यांच्यामागे लकडा लावला : रुग्णालय आम्ही बांधतो, तुम्ही ते सांभाळा. १८८९ साली २७ खाटांनी ते उघडलं. मेयो क्लिनिकचा आजचा पसारा जग जाणतं. पैसा-पैसा जमवणाऱ्या त्या सिस्टर किती जणांना माहीत असतात?

आणि अ‍ॅना डेंगेल. या ऑस्ट्रियन डॉक्टर रावळपिंडीत काम करत होत्या. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरांना दाखवायला तयार नसत आणि उपचारांवाचून मरत. आपण डॉक्टर ननचा संघ काढावा, असं डेंगेल यांच्या मनात आलं, तर चर्चचा नियम आड आला : व्रतस्थ भगिनींनी डॉक्टरकी करायची नाही, बाळंतपण तर नाहीच नाही. तरी १९२५मध्ये त्यांनी संघ काढला. नियम सैल झाला १९३६ साली.

इथवर वाचून हे पत्र कौतुकाचं आहे असं वाटलं असेल, तर थांबा. आयर्लंडमधल्या टुअम गावी बॉन सेकूर सिस्टर अविवाहित मातांचं एक केंद्र १९२५ ते १९६१ चालवत होत्या. तिथे ७९६ मुलं दगावली. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक कॅथरीन कॉर्लेस यांनी सरकारी नोंदणीतून त्यांचे मृत्यूचे दाखले मिळवले, पण दफनाच्या नोंदी जवळजवळ नव्हत्याच. २०१७ साली चौकशी आयोगाने तिथे मानवी अवशेष सापडल्याचं जाहीर केलं. नोंदणी सरकारच्या ताब्यात आणि खुली होती, म्हणून हे कळलं.

आता दुसरी बाजू पाहा. आयर्लंडमध्ये नन चालवत असलेल्या मॅग्डलेन लॉन्ड्र्यांमध्ये, म्हणजे बायकांना कोंडून बिनपगारी राबवणाऱ्या धुलाईखान्यांमध्ये, १९२२पासून सुमारे १०,००० बायका-मुली होत्या. २०१३च्या सरकारी अहवालाने हे ननच्याच रजिस्टरांवरून मांडलं. ज्यांच्या येण्याची वाट कळली, त्यांतल्या चौथाईहून अधिक जणींना तिथे सरकारी यंत्रणेनेच धाडलं होतं, हेही. म्हणजे दप्तराने केवळ ननना उघडं पाडलं नाही, सरकारलाही पाडलं. दोन लॉन्ड्र्यांच्या पुरेशा नोंदी उरल्या नव्हत्या. तिथल्या बायका त्या आकडेवारीत आल्याच नाहीत. आणि काम संपल्यावर अहवाल करणाऱ्या समितीने मूळ वह्या मठांना परत केल्या, स्वतःच्या प्रती नष्ट केल्या. असं आपल्या हातून होऊ नये.

म्हणून मागणी एवढीच. मालकी मठांचीच राहू द्या, जप्तीची भाषा कुणी करू नये. पण कुठल्या मठात काय आहे याची पाहणी करून यादी करा, आणि वाळवी-ओल लागण्याआधी त्याच्या प्रती काढायला पैसा द्या. जिवंत माणसांच्या खासगी नोंदी ठरावीक वर्षं मोहोरबंद ठेवा. फक्त एकाला अडवू नका : ज्याचं नाव त्या वहीत आहे, त्याला आपलं पान पाहता आलं पाहिजे. ज्याला आपली आई कोण हे तिथूनच कळणार आहे, त्याने कुणाच्या मर्जीची वाट का पाहावी?

वह्या वाचता येणाऱ्या सिस्टर आज वयाने ऐंशीच्या घरात आहेत. कुठल्या खुणेचा अर्थ काय, कुठलं नाव का खोडलं, हे त्यांनाच ठाऊक. पाहणी कराल तेव्हा टेबलाशी आधी त्यांना बसवा. आणि सुरुवात विक्रीला निघालेल्या मठांपासून करावी.

कळावे,
आपली,
जुन्या कागदांत रमणारी एक वाचक